जुन्या गोव्याचे शवप्रदर्शन: आईला घेऊन जावे का?

अनघा_मिरज | २३ नोव्हेंबर २०२४, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी,

जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे शवप्रदर्शन परवा, म्हणजे २१ तारखेला सुरू झाले. ५ जानेवारीपर्यंत आहे. दर दहा वर्षांनी असते हे माहीत होते, पण आपण कधी जाऊ असे डोक्यात नव्हते. आता माझ्या आईने (वय ७४) हट्ट धरला आहे.

आईचे बालपण बेळगावात गेले. शेजारी एक गोव्याचे कॅथलिक कुटुंब होते. १९६४ च्या प्रदर्शनाला ते सगळे गेले आणि येताना गोव्याचे खाजे घेऊन आले. आईला पण न्यायचे ठरले होते, आजोबांनी ऐन वेळी नकार दिला. साठ वर्षे झाली, तरी ती ही गोष्ट दर दिवाळीला सांगते. या वर्षी म्हणाली, "आता मला अडवायला बाबा नाहीत."

नवऱ्याचे म्हणणे असे की देवळात देव बघायला जातात, इथे मृतदेह बघायला कशाला रांग लावायची? शिवाय त्याला इतिहासावरून आक्षेप आहेत (तो वाचतोय, त्याला वाटलं तर लिहील). मुलगा दहा वर्षांचा आहे, त्याने एकच प्रश्न विचारला: "ममी आहे का?"

आम्ही ख्रिस्ती नाही, तर आत सोडतात का? आईचे गुडघे दुखतात, रांग किती असते? मुलाला न्यावे का? आणि प्रत्यक्षात दिसते तरी काय? जाऊन आलेल्यांनी सांगा.

---

ताळगांवचो | २३ नोव्हेंबर, ९.४८

बिनधास्त या. जात, धर्म, पास, तिकीट कोणी विचारत नाही. गोव्यातले हिंदू मोठ्या संख्येने जातात, आमच्या घरातून आजोबांपासून जातात. गोंयचो सायब म्हणतात त्यांना, आणि त्यात 'गोंयचो' हे आधी येतं.

पेटी एरवी बॉम जेझू बासिलिकात उंचावर असते. प्रदर्शनासाठी ती खाली आणून मिरवणुकीने रस्त्यापलीकडच्या से कॅथेड्रलमध्ये नेतात. दर्शन तिथे.

आईंसाठी: ज्येष्ठ नागरिक आणि व्हीलचेअरवाल्यांची वेगळी सोय असते, स्वयंसेवकाला आल्या आल्या विचारा. रविवार टाळा. ३ डिसेंबर, म्हणजे फेस्ताचा दिवस, तर अजिबात नको. २४ पासून नोव्हेना (फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना) सुरू होतेय, तेव्हा पहाटेपासून लोक येत राहतात. ४ तारखेनंतरचा आणि नाताळच्या सुट्ट्यांआधीचा एखादा मंगळवार-बुधवार बघा. सकाळी लवकर. खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे घाला, बीचवरून थेट येणाऱ्यांना दारातून परत पाठवतात.

---

घाटावरचा | ९.५५

गोव्याला जाऊन समुद्रावर न जाता रांगेत उभे राहणारे लोक पाहून डोळे पाणावले.

---

बांद्याचो_झील | १०.२०

गाडी घेवन जाव नकात. पार्किंग लांब, मगे थयसून शटल नायतर चालत. आमच्या बांद्यातले, सावंतवाडीचे ख्रिश्चन लोक फेस्ताक चालत जातत. रात्री निघतत, हातात माळ, पायात साधी चप्पल, वाटेत गावकरी चाय-पाणी देतत, त्यात हिंदूंची घरां पण आसतत. मी एकदा मित्राबरोबर गेलंय. पाय सुजले, पण मजा इली.

मिरजेसून येतास तर गोवा एक्सप्रेस पकडा, मडगावाक उतरा. आवशीक बसान येवक बरां. वाटेत दूधसागर फुकट.

---

शंकासुर | २४ नोव्हेंबर, सकाळी ७.०५

अनघाताईंच्या यजमानांच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवे म्हणून बोलतो.

याच झेवियरने १५४६ साली पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन (चर्चचे धर्मन्यायाधिकरण) पाठवा अशी मागणी केली होती. त्या इन्क्विझिशनने पुढे काय केले ते गोव्यातून परागंदा झालेल्या घराण्यांना विचारा. आमचे कुलदैवत नदीपलीकडे हलवावे लागले, ते उगाच नाही. आता त्याच माणसाच्या देहापुढे आम्ही श्रद्धेने रांग लावायची, ही सहिष्णुता की विसरभोळेपणा? कोणाच्या श्रद्धेचा अपमान करायचा नाही, पण प्रश्न विचारायची मुभा असावी.

---

घाटावरचा | ७.१२

आला आला. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

---

दप्तरी | २४ नोव्हेंबर, ११.३०

शंकासुर, पत्र खरे आहे. पण सनावळी पूर्ण सांगा. झेवियर गोव्यात आला मे १५४२ मध्ये. दहा वर्षांत तो गोव्यात राहिला थोडा आणि फिरला जास्त: मोत्यांच्या किनाऱ्यावरचे परवर कोळी, मलाक्का, मसाल्यांची बेटे, १५४९ मध्ये जपान. ३ डिसेंबर १५५२ ला चीनच्या किनाऱ्याजवळ सांचियान बेटावर गेला, चीनमध्ये पाऊल टाकायची वाट बघत. गोव्यात न्यायाधिकरण बसले १५६० ला, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी. मधली काही वर्षे सोडली तर ते १८१२ पर्यंत चालले. म्हणजे मागणी त्याची होती, अंमल त्याने पाहिला नाही. या दोन्ही गोष्टी एकदम लक्षात ठेवायला काही हरकत नसावी. देवळे पाडण्याची मोहीमही मुख्यतः पोर्तुगीज सत्तेची होती, तिचे वेगळे हुकूम आहेत.

आता मराठी माणसाला खरी रंगतदार वाटेल अशी गोष्ट सांगतो, कारण ती गाइड लोक अर्धवट सांगतात.

नोव्हेंबर १६८३. पोर्तुगीज विजरई (व्हाइसरॉय) कोंद द आल्व्होर फोंड्याच्या किल्ल्यावर चालून गेला आणि मार खाऊन परतला. पाठोपाठ संभाजी महाराजांनी २४ नोव्हेंबरच्या रात्री ओहोटी साधून जुवे बेटावरचा, म्हणजे सांतु इस्तेव्हांवचा, किल्ला घेतला. हे बेट राजधानीच्या अगदी उशाशी. दुसऱ्या दिवशी विजरई फौज घेऊन सोडवायला गेला, तर तिथेही पळापळ झाली, तो स्वतः जखमी झाला आणि जेमतेम जिवानिशी परतला. शहरात हाहाकार. तेव्हा या विजरईने काय करावे? बॉम जेझूमध्ये गेला, झेवियरची शवपेटी उघडायला लावली आणि आपला अधिकारदंड, राजमुद्रा आणि राज्य तुमच्या स्वाधीन करतो असा लेखी मजकूर संताच्या देहापाशी ठेवला. आता तुम्हीच सांभाळा! इकडे औरंगजेबाचा मुलगा शाहआलम मोगलांची प्रचंड फौज घेऊन घाट उतरत होता, त्यामुळे महाराजांना गोवा सोडून मागे वळावे लागले. पोर्तुगीजांनी श्रेय संताला दिले. आमचे म्हणणे, औरंगजेबाला द्या.

पण गंमत पुढे आहे. त्यानंतर गोव्याचा नवा गव्हर्नर सूत्रे हाती घेताना राजदंड झेवियरच्या समाधीपाशी घ्यायचा, अशी प्रथा पडली. म्हणजे औपचारिकरीत्या सरसेनापती एक संतच. संभाजी महाराजांच्या स्वारीने गोव्याच्या संताला सरकारी हुद्दा मिळवून दिला, असे म्हटले तरी चालेल.

तेव्हा शंकासुर, जाल तेव्हा पेटी बघताना या रात्रीची आठवण काढा. त्या रांगेत आपल्याही इतिहासाचा एक तुकडा आहे.

---

मोरपंखी | ११.४१

दप्तरी, दंडवत. वाचनखूण साठवली.

---

शंकासुर | ११.५८

हे माहीत नव्हते असे नाही, पण सांगायची पद्धत आवडली. आक्षेप कायम.

---

वसईकरीण | २४ नोव्हेंबर, दुपारी ३.१५

मी वसईची कॅथलिक, घरात सामवेदी बोलतो. इथे सगळे चर्चा करताहेत, आमच्यातलं कोणी लिहील म्हणून थांबले होते.

"मृतदेह बघायला कशाला" हा प्रश्न आमच्याकडेही विचारतात. माझ्या भावानेच विचारला होता. आम्ही देहाची पूजा करत नाही. पूजा देवाची. संत हा आपल्यासाठी देवाकडे शब्द टाकणारा, मध्यस्थी करणारा माणूस. त्याच्या अवशेषांना मान देतो, कारण हा देह एकेकाळी उन्हातान्हात फिरला, आजाऱ्यांच्या उशाशी बसला. गोव्यात झेवियर राजवाड्यात राहिले नाहीत, इस्पितळात राहिले, आणि हातात घंटी घेऊन रस्त्यातून पोरं गोळा करत शिकवायला न्यायचे. आमच्या धर्मग्रामात लहानपणी नाटुकलीत हीच घंटी वाजवायचे काम माझ्याकडे असायचे, म्हणून लक्षात आहे. ते वसईलाही येऊन गेले होते. आमचे संत गोन्सालो गार्सिया हे वसईतच जन्मले आणि १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर गेले. जपानमध्ये श्रद्धेची सुरुवात झेवियर यांनी केली होती, तो धागा आम्हाला जवळचा.

माझी आजी १९७४ च्या प्रदर्शनाला भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गेली होती. सगळी बोट वसई-उत्तनच्या बायकांनी भरलेली, लाल लुगडी, डोक्यावर सुकटाची गाठोडी, वाटेत रोझरी आणि भांडणं दोन्ही. आजी सांगायची, आत पोचेपर्यंत मागणं पाठ केलं होतं आणि पेटीसमोर आल्यावर सगळं विसरले, "बरा आहेस ना रे बाबा?" एवढंच तोंडातून निघालं.

शंकासुर, इन्क्विझिशनबद्दल आमच्याच धर्मगुरूंनी मराठीत लिहिलंय, बोललंय. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० साली चर्चच्या लोकांनी सत्याच्या नावाखाली केलेल्या अत्याचारांबद्दल जाहीर क्षमा मागितली होती. प्रश्न विचारा. पण अनघाताईंच्या आईला साठ वर्षांनी जायचं आहे, तिला इतिहासाचा पेपर देऊन मगच आत सोडायचं का?

---

घाटावरचा | ३.२२

वसईकरीण +१. "बरा आहेस ना रे बाबा" साठी +१००.

---

चिरेबंदी | २४ नोव्हेंबर, रात्री १०.०५

थोडे अवांतर. माझा धंदा जुन्या इमारतींचा, त्यामुळे पेटीआधी माझी नजर भिंतीवर जाते.

बॉम जेझूच्या उघड्या लाल चिऱ्याच्या भिंती बघून लोक म्हणतात, काय ते जुनं सौंदर्य! ते जुनं नाहीच. १५९४ ला बांधकाम सुरू झाले, १६०५ ला अभिषेक झाला, आणि त्यानंतर साडेतीनशे वर्षे या भिंतींना चुन्याचा गिलावा होता, जुन्या गोव्यातल्या इतर चर्चसारखाच. १९५० च्या दशकात एका पोर्तुगीज वास्तुविशारदाने 'प्राचीन' रूप यावे म्हणून गिलावा खरवडून काढला. जांभा हा दगड उघड्यावर पावसाळे सोसायला केलेलाच नाही. कोकणातले लोक जाणतात, चिऱ्याच्या गडग्याला शेवाळ धरते, दगड भुसभुशीत होतो. गोव्यात शंभर-सव्वाशे इंच पाऊस. आता पुन्हा गिलावा करावा की नाही यावर जोरात वाद आहे, कारण लोकांना लाल रंगाची सवय झाली. १९८६ पासून हे सगळे युनेस्कोच्या यादीत आहे, त्यामुळे कोणी पटकन हात लावत नाही.

म्हणजे आत देह टिकवण्यासाठी केवढा बंदोबस्त, आणि बाहेर भिंत दर पावसाळ्यात विरघळतेय. मला तरी हा जास्त मोठा चिंतेचा विषय वाटतो.

समाधीचा चबुतराही नीट बघा. टस्कनीचा ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा, मेदिची घराण्यातला, याने तो पाठवला. संगमरवर आणि जास्पर, फ्लॉरेन्सच्या फोज्जिनीचे काम. सुटे भाग जहाजाने आले, १६९८ मध्ये इथे जोडले. त्या बदल्यात ड्यूकला संताच्या डोक्याखालची उशी मिळाली असे सांगतात. वरची चांदीची पेटी मात्र त्याआधीची, १६३६-३७ ची, गोव्याच्याच कारागिरांनी घडवलेली. तिच्यावर झेवियरच्या आयुष्यातले ३२ प्रसंग आहेत. इटलीचे नाव होते, पण मला विचाराल तर चांदीचे काम उजवे आहे.

---

मोरपंखी | १०.३०

उशीच्या बदल्यात संगमरवरी चबुतरा. सासरच्यांनी असा व्यवहार शिकावा.

---

डॉ_टॉर्च | २५ नोव्हेंबर, सकाळी ६.४०

मुलाबद्दल विचारले आहे म्हणून लिहितो. मी २०१४-१५ च्या प्रदर्शनाला मुलीला घेऊन गेलो होतो, ती तेव्हा याच वयाची होती. घाबरली नाही. काचेची पेटी असते, देहावर जरतारी झगा असतो. दिसतो तो काळपट पडलेला, सुकलेला चेहरा आणि पावले. उजवा हात नाही. मुलांना आधी सांगून ठेवा की हा साडेचारशेहून जास्त वर्षे जुना, वाळलेला देह आहे, झोपलेला माणूस नाही. भीती वाटते ती मोठ्यांनी कुजबुज केल्याने.

देह 'जसाच्या तसा' आहे असे कोणी सांगितले तर मात्र मान डोलवू नका. चर्चही हे पवित्र अवशेष आहेत असेच म्हणते. सुरुवातीच्या काळात तो आश्चर्यकारक टिकला होता अशा नोंदी आहेत. सांचियानला पुरताना मांस लवकर झडावे म्हणून चुना घातला होता, १५५३ मध्ये उकरले तर देह शाबूत. मग मलाक्काला नेला, तिथे पुन्हा पुरला, आणि मार्च १५५४ मध्ये गोव्यात आला. चुन्याने शरीर झपाट्याने नष्ट होते हा सर्वत्र असलेला समज आहे, प्रयोगांत उलट दिसले आहे: चुना ओलावा शोषतो आणि कुजणे मंदावते. माझ्यापुरते स्पष्टीकरण इथे थांबते. श्रद्धावानांचे त्यापुढे जाते, जाऊ दे.

आणि हो, १५५४ मध्येच एका पोर्तुगीज बाईने पायाचे चुंबन घेताना अंगठ्याचा चावा घेऊन तुकडा पळवला अशी कथा गोव्यात प्रत्येक गाइड सांगतो. मुलाला हीच गोष्ट सर्वांत आवडेल, लिहून ठेवा. पूर्वी पायांचे चुंबन घेऊ देत, आता मधे काच आहे. कारण लक्षात आले असेलच.

---

घाटावरचा | ६.५८

सकाळी चहाबरोबर वाचायला नको होते.

---

टोरांटोचा_जोशी | २५ नोव्हेंबर, ८.१५ (इकडे रात्र)

तो उजवा हात मी पाहिला आहे!

१६१४ मध्ये कोपरापासून खाली कापून रोमला पाठवला, तिथल्या जेझू चर्चमध्ये असतो. ज्या हाताने हजारोंना बाप्तिस्मा दिला, तो हात, असा भाव. जानेवारी २०१८ मध्ये तो कॅनडाच्या दौऱ्यावर आला. विमानात त्याच्यासाठी स्वतंत्र सीट होती. आम्ही दर वर्षी आईला आणताना विंडो सीटसाठी पैसे मोजतो आणि संतांचा हात आरामात!

ऑफिसमधल्या एका गोवन बाईबरोबर गेलो. बाहेर कडाक्याची थंडी, आणि चर्चच्या आत अर्धे लोक कोकणी, मल्याळी, फिलिपिनो. आपल्याकडची गर्दी इथे भेटली की एकदम बरं वाटतं. ती बाई रांगेत माझ्याशी मराठीत बोलत होती, कारण तिचं शिक्षण दादरला झालेलं.

---

शंकासुर | २५ नोव्हेंबर, ९.३०

बरे, डॉक्टरसाहेब आले आहेत तर विचारतो. देह झेवियरचाच कशावरून? श्रीलंकेत एक मतप्रवाह आहे की हा एका बौद्ध भिक्खूचा देह आहे. एक डीएनए चाचणी केली की वाद संपेल.

---

ताळगांवचो | ९.४१

झाले. गेल्या महिन्यात गोव्यात याच मागणीवरून लोक रस्त्यावर उतरले होते. ज्यांना रांगेत जायचे आहे त्यांना अहवाल नको आहे आणि ज्यांना अहवाल हवा आहे त्यांना रांगेत जायचे नाही. मग चाचणी कोणासाठी?

---

दप्तरी | १०.२०

वाद न वाढवता एक माहिती. देह खरा आहे का, ही शंका नवी नाही. १७५९ मध्ये पोर्तुगालने जेझुइटांना (झेवियर ज्या संघाचा, त्या धर्मगुरूंना) हाकलले आणि गोव्यात कुजबुज सुरू झाली की जाताना त्यांनी देह बदलला. ती शंका मिटवायला १७८२ मध्ये तीन दिवस देह लोकांसमोर ठेवला. तेच पहिले मोठे सार्वजनिक प्रदर्शन. म्हणजे ज्या सोहळ्यावर शंका घेताय, तो सोहळा शंकेतूनच जन्मला!

आणि डीएनएच हवे असेल तर जुन्या गोव्यातच त्याचे उदाहरण आहे, पण दुसऱ्या संताचे. जॉर्जियाची राणी केतेवान. इस्लाम स्वीकारायला नकार दिला म्हणून इराणच्या शाह अब्बासने १६२४ मध्ये शिराझला तिला हाल हाल करून मारले. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे अवशेष लपवून काही भाग गोव्यात आणला. सेंट ऑगस्टीनच्या भग्न मठात, जुन्या पोर्तुगीज कागदात वर्णन केलेल्या खिडकीचा माग काढत, पुरातत्त्व खात्याला हाताचे हाड सापडले. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने २०१३ मध्ये तपासले, भारतात जवळपास न आढळणारी वंशखूण निघाली. २०२१ मध्ये भारताने ते अवशेष जॉर्जियाला दिले. तिथे त्यांचे स्वागत जसे झाले, ते जरूर शोधून बघा.

तिथे चाचणी झाली कारण हाड हरवलेले होते आणि शोधणाऱ्यांनाच ओळख पटवायची होती. इथे ती मागणी बाहेरून येते. फरक एवढाच, पण तो महत्त्वाचा आहे.

---

संपादक मंडळ | १०.४५

डीएनएची चर्चा इथे थांबवावी. धागा अनघा_मिरज यांच्या प्रश्नांवर आहे. पुढचे तीन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत.

---

घाटावरचा | १०.४७

माझा एक होता त्यात. खाज्यावर होता हो! का उडवला?

---

संपादक मंडळ | १०.५०

खाज्यावरून तुम्ही जिथे पोचलात, त्यासाठी उडवला.

---

नवराच_तो | २५ नोव्हेंबर, रात्री ११.२०

अनघाचा नवरा. सगळे वाचले. संभाजी महाराजांचा भाग वाचून मुलाने जाहीर केले की तो जाणारच, त्याला जुवे बेट बघायचे आहे. आता मतदान तीन विरुद्ध एक आहे. मी ड्रायव्हर म्हणून येतो असे म्हटले, तर बांद्याच्या झीलाने गाडी आणू नका सांगितले. माझे स्थान काय?

---

बांद्याचो_झील | ११.३१

पिशये धरूचे.

---

अनघा_मिरज | १४ डिसेंबर, संध्याकाळी ७.४०

जाऊन आलो. उशिरा लिहितेय, आल्यावर आईचे पाय आणि घरची कामे.

बुधवारी सकाळी करमळीजवळच्या मुक्कामातून लवकर निघालो. ताळगांवचो यांचा सल्ला शंभर टक्के योग्य. ज्येष्ठांच्या बाजूने गेल्यामुळे आईला फार उभे राहावे लागले नाही, सर्वसाधारण रांग मात्र मांडवाच्या बाहेरपर्यंत वळली होती. मांडवात पंखे, पाणी, मधेमधे खुर्च्या. कोकणी, इंग्रजी, मराठी, मल्याळी, सगळे आवाज. गंमत म्हणजे "पुढे चला, पुढे चला" हे शब्द आणि त्यातला सूर अगदी पंढरपूरच्या दर्शनबारीतला.

पेटीसमोर खरोखर काही सेकंदच मिळतात. माझ्या पुढे एक बाई होती, चाळिशीची असेल. तिने पर्समधून एक्स-रेचे मोठे पिवळे पाकीट काढले आणि दोन्ही हातांनी काचेला टेकवले. स्वयंसेवक मुलगा कॉलेजातला वाटत होता, आमच्यासकट सगळ्यांना हाकत होता, पण तिच्या वेळी तो दुसरीकडे बघायला लागला. तिने पाकीट उलटे करून दुसरी बाजूही टेकवली, मग नीट घडी घालून परत पर्समध्ये. माझ्या मागच्याने पासपोर्ट लावला. माझ्या हातात काही नव्हते, मी नुसती बघत राहिले. चेहरा लहान आहे. इतका लहान असेल असे वाटले नव्हते.

आई काहीच बोलली नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "पाय बघितले मी, फार चालला असणार बिचारा." मग लगेच, "खाजे कुठे मिळतात?" फेस्ताची दुकाने अजून होती. आल्याचा वास येणारे गुळाचे खाजे, भाजलेले चणे, मेणबत्त्या, आणि मेणाचे हात, पाय, डोळे, बाळे, नवसाचे. आईने मेणाचे दोन गुडघे घेतले. मी विचारले, कोणाला वाहणार? म्हणाली, त्यालाच, माझे गुडघे आणि कोणाचे? ते वाहून आलो. कुठे वाहायचे हे दाखवायला एक म्हातारे गृहस्थ स्वतःची जागा सोडून आले.

मुलगा घाबरला नाही. अंगठा कुठल्या पायाचा ते शोधण्यात त्याचा सगळा वेळ गेला. सेंट ऑगस्टीनचा मनोराही दाखवला. ४६ मीटरचा तो एकटा उरलेला भाग बघून चिरेबंदींची आठवण झाली. भिंतीचा लाल रंग बघून मला आता नुसते "वा" म्हणता येत नाही, त्याबद्दल तुमचा निषेध.

---

वसईकरीण | ८.०२

मेणाचे गुडघे! आईंना माझा नमस्कार सांगा. आणि खरंच बरे वाटले तर तेही लिहा, आम्ही नोंद ठेवतो.

---

डॉ_टॉर्च | ८.१०

गुडघ्यांचा एक्स-रेही काढून घ्या, काचेला लावायला नसला तरी.

---

शंकासुर | १५ डिसेंबर, सकाळी ७.२०

प्रामाणिक वर्णन, आवडले. मी अजूनही जाणार नाही, पण पाकिटवाल्या बाईवर माझा काही आक्षेप नाही. माझा आक्षेप कधीच तिच्यावर नव्हता.

आईंच्या आजोबांनी, म्हणजे तुमच्या पणजोबांनी, १९६४ मध्ये का अडवले होते?

---

अनघा_मिरज | ७.५५

पणजोबा नव्हे हो, माझे आजोबा, आईचे वडील. आईला विचारले. ती म्हणते धर्माबिर्माचा प्रश्न नव्हता, सहामाही परीक्षा होती.

---

घाटावरचा | ७.५८

इतिहासाचा पेपर होता का?

---

मोरपंखी | १५ डिसेंबर, ९.४०

आम्हाला या वेळी जमणार नाही. एरवी गेलो तर काही दिसते का? की थेट २०३४?

---

ताळगांवचो | १०.१५

एरवी बॉम जेझूमध्ये पेटी समाधीवर उंच असते, खालून चांदीच्या पेटीच्या काचेतून थोडेसे दिसते. गर्दी नसल्याने चांदीचे काम आणि चबुतरा निवांत बघता येतो, चिरेबंदी म्हणतात ते खरे, तेच बघा. दर वर्षी ३ डिसेंबरला फेस्त असतेच, खाजेही असते. जवळून दर्शन मात्र पुढच्या प्रदर्शनालाच. हिंदू-ख्रिस्ती एकत्र बघायचे असतील तर त्याआधी म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या फेस्ताला या, उन्हाळ्यात असते. ती शिरगावच्या लईराईची बहीण. तेल घेऊन या.

---

बांद्याचो_झील | १०.२२

आनि गाडी आणू नकात.